उबवणी यंत्र घेण्यापूर्वी

कोंबडीची अंडी उबवण्यासाठी आपण पहिलेच यंत्र घेत आहात, तेव्हा त्यात मावणाऱ्या अंड्यांची संख्या पाहून भुलू नका. आत हवा खेळवणारा पंखा आणि भरवशाचा तापमान नियंत्रक असलेले लहान यंत्र पुरेसे आहे. पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे, आणि यंत्रावरचा आकडा वेगळ्या तापमापकाने पडताळून घ्यावा, कारण माझी पहिली खेप केवळ त्या आकड्यावर विसंबल्यामुळे वाया गेली.

आर्द्रतेबाबत आपल्या बेळगाव जिल्ह्यात एकच नियम चालत नाही. खानापूरकडे आषाढ-श्रावणात हवाच इतकी दमट असते की पहिले १८ दिवस यंत्रातले पाण्याचे भांडे अर्धेही भरावे लागत नाही, तर अथणीकडे चैत्र-वैशाखात तेच भांडे दिवसातून दोनदा पाहावे लागते. म्हणून आर्द्रतामापक घ्यावा आणि सुरुवातीला ५० ते ५५ टक्के, शेवटचे ३ दिवस मात्र ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखावी. याच १८व्या दिवसापासून अंडी फिरवणे थांबवावे. तोवर ती दिवसातून किमान ३ वेळा फिरवावीत.

अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली घ्यावीत. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरून गर्भ न धरलेली रिकामी अंडी बाजूला काढावीत. पावसाळ्यात वीज जातेच, त्यामुळे इन्व्हर्टर नसेल तर यंत्रावर घोंगडी पांघरावी, पण हवेची छिद्रे झाकू नयेत. एकविसाव्या दिवशी पिल्ले आतून कवच टोचू लागली की झाकण उघडण्याचा मोह आवरावा. घरात खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसू पाहणारी, कोंबडी असेल, तर काही अंडी तिच्याखालीही ठेवून पाहावीत.