राष्ट्रपतींची निवड, निवडणूक की नेमणूक?

प्रश्न : सातवीच्या वर्गात राष्ट्रपतींच्या निवडणुकीबद्दल सांगत होते. एका मुलीने विचारलं, "माझ्या आईने आमदाराला मत टाकलं, सरपंचाला टाकलं. राष्ट्रपतींना कधीच नाही. मग ती निवडणूक कशी? नेमणूकच म्हणा ना!" दुसऱ्याने विचारलं, "टीव्हीवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणतात, आपले मात्र राष्ट्रपती. असं का?" मुलांना काय सांगू? (पारोळा तालुक्यातल्या एक शिक्षिका)

मॅडम, पहिल्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा चुकला. राष्ट्रपतींची नेमणूक होत नाही. निवडणूकच होते, रीतसर अर्ज भरून, छाननी होऊन, मतं मोजून. फक्त मतपत्रिका तिच्या आईच्या हातात येत नाही. आईने ज्यांना आमदार-खासदार केलं, त्यांच्या हातात येते.

'निवडणे' हा शब्द मुळात सुपातला. दादर ज्वारी सुपात घ्यायची, खडे-माती बाजूला करायची, चांगले दाणे ठेवायचे. त्या क्रियेला 'णूक' जोडलं की निवडणूक. वागणूक, मिरवणूक, फसवणूक, करमणूक ही सगळी त्याच घडणीची भावंडं, आणि नेमणूकसुद्धा. म्हणून मुलांचा घोटाळा होतो. दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात. फरक एवढाच की नेमणूक वरच्या अधिकारातून येते आणि निवडणुकीत मत असणाऱ्यांचा कौल लागतो. 'निवड' म्हटलं तर तेही चूक नाही, पण तो शब्द दोन्हींकडे चालतो. खेळाडूची निवड समिती करते, वर्गाच्या मॉनिटरची निवड तुम्हीच करून टाकता. वर्गात शिकवताना 'निवडणूक'च धरून राहा.

उदाहरणाला लांब जायची गरज नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या लेकीचं, प्रतिभाताई पाटलांचं, नाव मुलांना माहीत असेलच. १९६२ मध्ये त्या जळगावातून आमदार झाल्या आणि १९६७ पासून एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून. ही प्रत्यक्ष निवडणूक, लोकांनी मत टाकलेली. १९८५ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. तिथे मतदार कोण? आमदार. म्हणजे अप्रत्यक्ष निवडणूक. २००४ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल झाल्या, ती मात्र नेमणूक. राज्यपालासाठी कोणी मतदान करत नाही, राष्ट्रपती त्यांना नेमतात. आणि २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या त्या पुन्हा अप्रत्यक्ष निवडणुकीने. समोर भैरोसिंह शेखावत होते. निकाल ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ असा लागला.

इथे एखादा हुशार मुलगा तुम्हाला अडवेल. आमदार-खासदार मिळून पाच हजारांच्या आत, मग सहा लाख मतं आली कुठून? त्याचं उत्तर 'मतमूल्य' या शब्दात आहे. प्रत्येकाची मतपत्रिका एकच, पण तिचं वजन वेगवेगळं. आमदाराच्या मताचं मूल्य काढायचं तर राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने. लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची धरतात. त्या वेळी महाराष्ट्राची होती ५,०४,१२,२३५. भागिले २८८, भागिले १०००. उत्तर येतं १७५. फळ्यावर हे गणित करून घ्याच, नागरिकशास्त्राच्या तासाला भागाकार आल्याचं मुलांना नवल वाटेल. (लोकसंख्या इतकी जुनी का, तर ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं वजन घटू नये म्हणून. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८, सिक्कीमच्या आमदाराचं फक्त ७.) देशभरच्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागलं की खासदाराच्या मताचं मूल्य येतं. २०२२ मध्ये ते ७०० होतं.

आता खान्देशाचा हिशोब मांडा. जळगाव जिल्ह्याचे ११ आमदार, धुळ्याचे ५, नंदुरबारचे ४. वीस गुणिले १७५ म्हणजे ३,५००. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार हे लोकसभेचे चार मतदारसंघ, त्यांचे २,८००. एकूण ६,३००. तुमच्या विद्यार्थिनीच्या आईचं मत या आकड्यात कुठेतरी मुरलेलं आहे. विधान परिषदेचे आमदार आणि नामनियुक्त सदस्य मात्र यात नाहीत. 'निवडून आलेले' ही अट राज्यघटनेच्या ५४ व्या अनुच्छेदातच आहे. या सगळ्या मतदारांच्या समूहाला पुस्तकी भाषेत 'निर्वाचकगण' म्हणतात. शब्द जड आहे. सातवीला 'मत देणारे आमदार-खासदार' म्हटलं तरी पुरे.

मत देण्याची रीतही निराळी. आपल्याकडे 'शिक्का मारला' हे क्रियापद मतपत्रिकेच्या काळातलं, 'बटण दाबलं' हे यंत्राच्या काळातलं, आणि अहिराणीत आजही सरळ विचारतात, "कोणले मत दिधं?" राष्ट्रपतींच्या निवडणुकीत शिक्का नाही, बटणही नाही. मतपत्रिकेवर नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. त्याला पसंतीक्रम म्हणतात. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून जास्त मूल्य मिळालं नाही तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. १९६९ मध्ये वराहगिरी व्यंकट गिरी असेच जिंकले. मतदान गुप्त असतं आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे अमुकलाच मत द्या असा आदेश, चालत नाही. २००७ मध्ये शिवसेना तर शेखावतांच्या बाजूच्या आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून उघडपणे प्रतिभाताईंबरोबर गेली.

मतदान आणि निवडणूक हे शब्दही मुलं अदलाबदल करून वापरतात. तिथे १९७७ सांगा. नीलम संजीव रेड्डी सोडून इतरांचे अर्ज छाननीत बाद झाले, ते बिनविरोध राष्ट्रपती झाले. निवडणूक झाली, मतदान झालंच नाही. आपल्याकडच्या बिनविरोध ग्रामपंचायती आठवल्या की मुलांना हे लगेच पटेल.

दुसऱ्या मुलाचा प्रश्न मला जास्त आवडला. हिंदीत दोघेही 'राष्ट्रपति'च. मराठीत आपल्या घटनेतल्या पदाला राष्ट्रपती आणि परक्या देशाच्या प्रमुखाला अध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्ष म्हणायचा प्रघात पडला. हा नियम नाही, वृत्तपत्रांनी रुळवलेली सवय आहे, पण सोयीची आहे. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात, अमेरिकेचे अध्यक्ष स्वतः सरकार चालवतात. दोन शब्द असले की ही दोन कामं मुलांच्या डोक्यात आपोआप वेगळी राहतात. इंग्लंडच्या राजाला मात्र राष्ट्राध्यक्ष म्हणू नका, तो राष्ट्रप्रमुख.

आणि गंमत अशी की 'राष्ट्रपती' हा शब्द घटनेच्या आधीच आपल्या भागात येऊन गेलेला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षालाच राष्ट्रपती म्हणत. राज्य इंग्रजांचं आणि राष्ट्रपती फैजपुरात!

बाई त्या पदावर आल्या तर काय म्हणायचं, यावर २००७ मध्ये बरीच शाई खर्च झाली. मला तो वाद फुकटचा वाटतो. इथला 'पती' म्हणजे नवरा नव्हे. पालन करणारा, प्रमुख. सेनापती, कुलपती, गणपती यांतला. पंचायत समितीत बाई सभापती झाल्या की 'सभापती आल्या' असंच आपण म्हणतो. प्रतिभाताई स्वतः १९८६ ते १९८८ राज्यसभेच्या उपसभापती होत्या, तेव्हा तो शब्द कोणाला खुपला नाही.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. तिथे दर चार वर्षांनी नोव्हेंबरात लोक मत देतात, मतपत्रिकेवर उमेदवाराचं नावही असतं, पण ते मत मोजलं जातं राज्यवार. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक, म्हणजे अध्यक्षासाठी शेवटचं मत देणारे प्रतिनिधी, एकूण ५३८. जिंकायला २७० लागतात. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं त्याला त्या राज्याचे सगळेच निर्वाचक. त्यामुळे २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडूनही डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. या व्यवस्थेचं नाव 'इलेक्टोरल कॉलेज'. अमळनेरच्या प्रताप कॉलेजसारखी तिथे इमारत किंवा प्राचार्य नाहीत, हे आधीच सांगून टाका, नाहीतर तो प्रश्न येणारच. निर्वाचक एका ठिकाणी जमतसुद्धा नाहीत, आपापल्या राज्यात मत देतात.

फळ्यावर लिहिताना एक जपा. एकटा शब्द असेल तर 'राष्ट्रपती', 'ती' दीर्घ. 'राष्ट्रपतींची निवडणूक'ही दीर्घच. पण समासात पहिला आला की ऱ्हस्व : राष्ट्रपतिपद, राष्ट्रपतिभवन. आणि निवडणूक मधला 'णू' दीर्घ असला तरी पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो : निवडणुकीत, निवडणुका.