घडीची सायकल घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

घडीच्या, म्हणजे फोल्डिंग, सायकलींविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : माझे घर डोंबिवली स्टेशनापासून अडीच किलोमीटरवर आहे आणि घाटकोपरला स्टेशनापासून ऑफिस दीड किलोमीटरवर आहे. दोन्हीकडे शेअर रिक्षाच्या रांगेत वेळ जातो. १६ इंची चाकांची घडीची सायकल घेतली, तर ती लोकलमध्ये नेता येईल का?
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : तुम्ही सकाळी सात ते दहाच्या दरम्यान निघत असाल, तर स्पष्टच सांगतो : नेता येणार नाही आणि नेऊ नये. लंडनमध्ये बनणारी ब्रॉम्प्टन ही घडी घातल्यावर फार लहान होणारी सायकल म्हणून ओळखली जाते, आणि तिची घडीसुद्धा सुमारे ६४.५ सेंटिमीटर लांब, ५८.५ सेंटिमीटर उंच आणि २७ सेंटिमीटर जाड असते. मधोमध दुमडणाऱ्या २० इंची सायकली घडी घातल्यावरही सुमारे ८० सेंटिमीटर लांब आणि ३५ ते ४० सेंटिमीटर जाड राहतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत घडी घातलेली सायकल दिवसभरात केव्हाही नेता येते, हे वाचून आपल्याकडे अनेकांना हुरूप येतो. पण डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी येणाऱ्या गाडीत नुसता पाय ठेवायला मिळावा म्हणून माणसे जीव मुठीत धरून चढतात. दारात उभ्या असलेल्या माणसांच्या पायांत बारा किलोची धातूची वस्तू अडकली, तर त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागेल. मालडबा हा मार्ग आहे, पण गर्दीच्या वेळी तोही भरलेला असतो आणि तेथे ज्यांचे पोट त्या डब्यावर चालते त्या भाजीवाल्यांचा आणि डबेवाल्यांचा हक्क आधी आहे, असे मला मनापासून वाटते.

सायकल घेण्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा : माझ्या रोजच्या वाटेवर घडी नेमकी कोणत्या ठिकाणी घालावी लागणार आहे? तुमच्या वाटेवर असे ठिकाण मला दिसत नाही. घराकडच्या अडीच किलोमीटरसाठी एक साधी, बिनगिअरची, जुनी सायकल घ्या आणि तिच्यासाठी स्टेशनजवळच्या स्टँडचा मासिक पास काढा. घाटकोपरच्या बाजूलाही अशीच दुसरी जुनी सायकल ठेवता येईल, जी रात्रभर तिकडच्या स्टँडवर राहील. दोन जुन्या सायकली आणि दोन भक्कम कुलुपे यांचा खर्च एका चांगल्या घडीच्या सायकलीपेक्षा बराच कमी होतो. उद्या तुमची वेळ बदलली, पहाटेची किंवा दुपारची पाळी लागली, अथवा गर्दीच्या उलट दिशेने कर्जत-कसाऱ्याकडे जावे लागले, तर मात्र घडीच्या सायकलीचा विचार जरूर करा.

प्रश्न : मी बावधनला राहते आणि कल्याणीनगरला नोकरी करते. वनाजपासून कल्याणीनगरपर्यंत मेट्रो झाल्यामुळे दोन्ही टोकांना सायकल वापरण्याचा विचार आहे. माझी उंची पाच फूट आहे आणि रोज साडी किंवा सलवार-कमीज असते. लहान चाकांच्या सायकलीला जास्त पायडल मारावे लागते असे सगळे सांगतात. संध्याकाळी वनाजहून चांदणी चौकाचा चढ चढेल का?
– एक वाचक, बावधन, पुणे

उत्तर : घडीची सायकल जिथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, तशीच तुमची वाट आहे. दोन्ही टोकांना सायकल, मध्ये मेट्रो, ऑफिसात टेबलाखाली घडी. रात्रीच्या स्टँडची काळजी नाही. पुणे मेट्रोत सायकल नेऊ देतात, पण संध्याकाळच्या गर्दीत उघडी सायकल मध्ये उभी करण्यापेक्षा घडी घालून दाराच्या पलीकडच्या कोपऱ्यात ती पायाशी धरून उभे राहणे सगळ्यांच्याच सोयीचे असते. तिच्यावर एक कापडी खोळ अवश्य चढवा. चेनचे काळे वंगण शेजारच्या प्रवाशाच्या कपड्यांना लागले, की पुढच्या सायकलवाल्याकडेही लोक रागाने पाहू लागतात.

लहान चाकाला जास्त पायडल मारावे लागते, हा समज सरसकट खरा नाही. चाकाचा घेर कमी असतो हे खरे : २० इंची चाक एका फेऱ्यात साधारण दीड मीटर पुढे जाते आणि २६ इंची चाक दोन मीटरहून थोडे जास्त जाते. पण पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरते, हे पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्रांवर ठरते. नेहमीच्या २६ इंची सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे पाच मीटर जाते. घडीच्या सायकलीला पुढचे चक्र मुद्दाम मोठे, बहुधा ५२ दातांचे, दिलेले असते. मागे १६ दातांचा गिअर लावला, की तीही एका फेऱ्यात ४.९ मीटर जाते. फरक जवळजवळ उरतच नाही. ज्या स्वस्त सायकलींना लहान चाकांबरोबर पुढचे चक्रही लहान बसवलेले असते, त्यांच्यावर मात्र पाय भराभर फिरतात आणि सायकल रेंगाळते. लोकांचा समज अशाच सायकलींवरून झालेला आहे.

चढासाठी दुसरे टोक पाहायचे. मागे १४ ते २८ दातांचे सात गिअर आणि पुढे ५२ दात असतील, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये सायकल एका फेऱ्यात २.८ मीटर जाते. दिवसभर काम करून, पाठीवर लॅपटॉप घेऊन चांदणी चौक चढताना हा गिअर जड वाटू शकतो. पुढचे चक्र ४४ दातांचे करून घेतले, तर तोच गिअर २.४ मीटरपर्यंत खाली येतो. सकाळच्या उतारावर थोडा वेग कमी मिळेल, पण त्या उतारावर वेग कमी असलेलाच बरा. दुकानदार हा बदल विक्रीच्या वेळी करून देत असेल, तर मागून घ्या.

तुमच्या उंचीला घडीची सायकल विशेष सोयीची आहे, कारण सांगाड्याची मधली दांडी खाली असते आणि पाय उंच न उचलता चढता येते. सीट खालीवर करण्याला भरपूर वाव असतो. हँडल मात्र सर्वच सायकलींचे पुढे-मागे होत नाही. म्हणून सीटवर बसून कोपर किंचित वाकलेले राहते का, हे दुकानातच पाहा. कपड्यांविषयी सांगायचे, तर सलवारीला घोट्यापाशी पट्टी बांधली की अडचण येत नाही. साडी नेसून चालवायची असेल, तर गिअर मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, बंदिस्त असलेली आणि पूर्ण चेनगार्डची सायकल शोधा. उघड्या गिअरच्या सायकलीवर पदर आणि निऱ्या कितीही आवरल्या तरी मी तो धोका पत्करायला सांगणार नाही.

चालवण्याची सवय लागायला थोडे दिवस द्या. लहान चाकाचे हँडल चटकन वळते आणि एक हात सोडून वळण्याचा इशारा करताना सुरुवातीला सायकल डगमगते, त्यामुळे हा सराव सोसायटीच्या आवारात करावा. खड्ड्यात लहान चाक मोठ्या चाकापेक्षा खोल उतरते आणि धक्का थेट मनगटात येतो. टायर पावणेदोन ते दोन इंच रुंदीचे घ्या, हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आत आणि स्वतःच्या वजनाला साजेशी भरा, आणि खड्डा टाळता येत नसेल तेव्हा सीटवरून किंचित उठून भार पायडलांवर घ्या.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण विकत घेतल्यावर तपासतात : वजन. वनाज स्टेशनाचे जिने आणि ऑफिसच्या पायऱ्या यांचा विचार करा. घरातला दहा किलो तांदूळ एका पिशवीत भरून एका हाताने दोन मजले चढून पाहा. घडीच्या बहुतेक सायकली ११ ते १४ किलोंच्या असतात, तेव्हा याहून थोडे जास्तच उचलावे लागेल. घडी घातल्यावर जी सायकल फलाटावर ढकलत नेता येते, तिला या कामात मोठा फायदा आहे. दुकानात घडी घातलेली सायकल दहा पावले ढकलून दाखवायला सांगा.

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांकडे आठ वर्षे जुनी, मधोमध दुमडणारी २० इंची सायकल विकाऊ आहे. फारशी वापरलेली नाही असे ते म्हणतात. घेताना काय पाहावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल हे सगळे बदलता येते, त्यावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. सर्व लक्ष बिजागऱ्यांवर द्या. अशा सायकलीला दोन बिजागऱ्या असतात, एक सांगाड्याच्या मधोमध आणि दुसरी हँडलच्या उंच दांड्याच्या तळाशी, आणि चालवणाऱ्याचा जीव या दोन सांध्यांवर असतो.

सायकल उन्हात न्या. मधली बिजागरी उघडून ज्या दोन सपाट तोंडांची गाठ पडते ती कोरड्या फडक्याने पुसा आणि त्यांच्यावर घासल्याच्या चकाकत्या खुणा एकाच बाजूला आहेत का, ते पाहा. तसे असेल तर सांधा नीट बसत नाही. मग वेल्डिंगच्या कडेने रंगावर केसाएवढी रेघ दिसते का, ते नखाने चाचपून पाहा. रंगाचा ओरखडा नखाला वरवरचा लागतो, पण रेघ वेल्डिंगला समांतर जात असेल आणि तिच्यातून गंजाचा तपकिरी डाग उतरला असेल, तर सायकल तेथेच सोडून या. त्यानंतर बिजागरी बंद करा. तिची कळ तळहाताने चांगला जोर लावूनच मिटली पाहिजे; बोटाने सहज मिटत असेल तर सांधा सैल आहे. कळ मिटल्यावर ती आपोआप उघडू नये म्हणून असलेला छोटा खटका जागेवर बसतो का, हेही पाहा. शेवटी पुढचा ब्रेक घट्ट दाबून एका हाताने हँडल पुढे-मागे ढकला आणि दुसऱ्या हाताचे बोट बिजागरीच्या सांध्यावर अर्धे इकडे, अर्धे तिकडे ठेवा. ‘टक्’ असा बारीक धक्का बोटाला जाणवला, तर सांध्यात खेळ, म्हणजे ढिलेपणा, आहे. कळ घट्ट करून तो जात असेल तर ठीक. खिळच झिजलेली असेल, तर तिचा सुटा भाग मिळतो का, याची आधी खात्री करा.

सीटचा दांडा लांब असतो आणि त्यावर ‘याहून वर काढू नये’ अशी खूण असते. ती खूण बाहेर ठेवून ही सायकल चालवली जात असेल, तर दांडा आणि त्याची नळी दोन्ही वाकलेली असण्याची शक्यता आहे. स्वतःचे वजनही लक्षात घ्या, कारण घडीच्या बऱ्याच सायकलींना १०० ते ११० किलोंच्या आसपासची मर्यादा असते आणि तिच्यात पाठीवरची पिशवीही मोजायची असते.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी निवृत्त आहोत. रविवारी सायकली घेऊन अलिबागकडे जाण्याची इच्छा आहे. लहान चाकांवर एवढे अंतर झेपेल का?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : अवश्य जा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते आणि तिच्यात सायकल चढवता येते, घडी घालण्याचीही गरज पडत नाही. रविवारी पहाटे दादरहून धक्क्यापर्यंतचा रस्ताही मोकळा मिळतो. मांडव्याहून अलिबाग सुमारे २० किलोमीटर आहे. वाटेत चोंढीपाशी किहीमकडे वळता येते, आणि अलिबागपर्यंत जाण्याचा हट्ट न धरता किहीमहून परतलात तरी सकाळ उत्तम जाते. परतताना थकवा आला, तर येथे घडीचा उपयोग होतो : दोन्ही सायकली रिक्षात बसतात. सायकल समुद्राच्या वाळूत नेऊ नका. खारी वाळू बिजागरीच्या खिळीत शिरली, की ती आतून कुरतडत राहते.

हुरूप वाढला, तर मुरूडहून आगरदांडा-दिघी तर (खाडी ओलांडणारी फेरीबोट), पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडल्याहून वेशवीची तर, असा सुंदर मार्ग आहे. मात्र तेथे खाडीकडे उतरणारे उतार तीव्र आहेत. लहान चाकाच्या रिमवर घासणारा ब्रेक सतत दाबून ठेवला, तर रिम मोठ्या चाकापेक्षा लवकर तापते, म्हणून दोन्ही ब्रेक आलटूनपालटून, सोडत-दाबत वापरावेत आणि लांब उतारावर मध्येच थांबून रिम गार होऊ द्यावी.

प्रश्न : आमच्याकडे घडीच्या सायकलीचे दुकान नाही. पंक्चर आणि टायर-ट्यूबचे कसे होईल?
– एक वाचक, फलटण

उत्तर : हे चाकाच्या मापावर अवलंबून आहे. टायरच्या कडेवर दोन आकड्यांची जोडी छापलेली असते, उदाहरणार्थ ४७-४०६. दुसरा आकडा ४०६ असेल तर निश्चिंत राहा, कारण लहान मुलांच्या २० इंची सायकलींचे हेच माप आहे आणि ट्यूब गावोगावी मिळते. त्याच २० इंचांत ४५१ हे बारीक टायरचे दुसरे माप आहे, ते मिळणे कठीण. १६ इंचांतही असेच आहे : मुलांच्या सायकलींचे माप ३०५ आणि ब्रॉम्प्टनचे ३४९, आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. फलटणला राहून घ्यायची असेल, तर मी ४०६च घ्यायला सांगेन. व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा जाड असेल, तर हवा पेट्रोलपंपावरही भरता येते. बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असेल, तर पितळी अडॅप्टर सीटखालच्या पिशवीत ठेवावा. पंक्चर काढणाऱ्याकडे जाताना मागचे चाक काढण्यासाठी लागणारा पाना सोबत न्या, आणि चाक पुन्हा बसवल्यावर घडी नीट मिटते ना, हे तेथेच उभे राहून पाहा.