फॉर्म तुम्ही भरलात, परीक्षा कोण देणार?

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. मुलगी दापोलीहून कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक. करून आली. आता म्हणते, ट्रॅक्टर-मळणीयंत्रावर काम करणाऱ्या गावाकडच्या तरुण मजुरांना यंत्र सांभाळून कसं वापरायचं ते शिकवणार. ही काय नोकरी झाली? मी बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेचा तिचा फॉर्म भरून टाकला आहे. ते नको असेल तर शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतून सेफ्टीचा डिप्लोमा करून कारखान्यात तरी लागावं. शेतातले अपघात पोरांच्या हलगर्जीपणाने होतात, त्यांना शिकवून काय उपयोग? माझी दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली तेव्हा मला कोण शिकवायला आलं होतं? तिला समजवा. – एक वडील

उत्तर : नमस्कार. तिला काय समजवायचं ते नंतर बघू, आधी तुमच्याशी बोलतो.

'फॉर्म भरून टाकला आहे' हे तुम्ही वीजबिल भरल्यासारखं लिहिलंय. बँकेच्या त्या फॉर्मला उमेदवाराच्या स्वतःच्या अक्षरातलं निवेदन लागतं, अंगठ्याचा ठसा लागतो. म्हणजे ते तिने दिलं. वाद नको म्हणून मुकाट्याने दिलं असणार. याला तिचा होकार समजू नका. इंजिनिअर झालेली मुलगी वडिलांसमोर गप्प बसून ठसा उमटवते, हे मला तिच्या नोकरीच्या प्रश्नापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. अशी मुलं परीक्षेला जातात, पेपर अर्धा सोडवतात आणि घरी येऊन 'कठीण होता' म्हणतात. मग पुढचा फॉर्म भरला जातो, आणि वर्षं जातात.

आणि ती बोटं. पत्राच्या शेवटी एका ओळीत तुम्ही तो विषय उरकलात. मला शिकवायला कोणी आलं नव्हतं, असं म्हणता आणि त्याच पत्रात विचारता की त्या पोरांना शिकवून उपयोग काय. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. तुमचा तो हात बघत ती मोठी झाली. हे वेड तिच्या डोक्यात कुठून आलं, असं तुम्हाला वाटत असेल तर तिला एकदा विचारा. उत्तर कदाचित मला द्यावं लागणार नाही.

आता हलगर्जीपणाचं. हा समज इतका रुजलाय की शिकलेली माणसंही तो सहज बोलून जातात. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मळणीयंत्राला पोचवणारा फिरता दांडा, साधारणपणे मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. सदऱ्याचं टोक किंवा ओढणी त्यात अडकली तर हात मागे घ्यायचं सुचेपर्यंत कापड गुंडाळलं गेलेलं असतं. शाफ्टवर गार्ड, म्हणजे संरक्षक आवरण, असतो, पण ग्रीसिंगच्या वेळी तो काढला जातो आणि पुन्हा बसत नाही, कारण हंगाम अंगावर आलेला असतो आणि मालकाला घाई असते. मळणी रात्री उशिरापर्यंत चालते, मजुरी बऱ्याच ठिकाणी पोत्यावर मिळते, आणि अडकलेली पेंढी यंत्र बंद करून काढली तर पोती कमी भरतात. ट्रॅक्टरवर छत असतं, ते उन्हासाठी. ट्रॅक्टर उलटला तर ते चालकाला वाचवत नाही. त्यासाठी मजबूत पोलादी चौकट लागते, जी स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर 1959 पासून सक्तीची केली. आपल्याकडे मळणीयंत्रांचे अपघात इतके झाले की 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पोरं तीच असली तरी गार्ड आणि चौकट बसवली की माणसं कमी मरतात. यात अठरा-वीस वर्षांच्या मजुराचा हलगर्जीपणा किती आणि बाकीच्यांचा किती, ते तुम्हीच ठरवा. प्रेसवर काम केलेल्या माणसाला मी आणखी काय सांगू?

नोकरीचं मात्र तुमचं अर्धं बरोबर आहे. 'शेती सुरक्षा प्रशिक्षक' अशी जाहिरात तिला सापडणार नाही. कारखान्यात सेफ्टी ऑफिसरला मागणी आहे, कारण मोठ्या कारखान्याला तो कायद्याने ठेवावा लागतो. शेतावर तशी सक्ती नाही. म्हणून शीवचा डिप्लोमा उत्तम असला तरी तो तिला कारखान्यातच नेईल. राज्य सरकारचं शेतकरी अपघात अनुदानसुद्धा खातेदार, म्हणजे सातबारावर नाव असलेला, शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसापुरतं आहे. रोजाने आलेला भूमिहीन पोरगा त्यातही नाही. ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही त्याला शिकवायला पगार देणारं कोण, हा प्रश्न तिने टाळू नये.

बँक आणि एमपीएससीची कृषी सेवा हे सरळ रस्ते आहेत, ते तिला माहीत आहेत.

ताई, पुढचं तुझ्यासाठी. तुझं काम दुसऱ्या नावाच्या नोकरीत लपलेलं आहे. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड असतो. तो शिकवणारा निदेशक होण्यासाठीचा कोर्स चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत चालतो, पण कोणत्या ट्रेडच्या जागा आहेत ते आधी बघ. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची 1955 पासूनची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत याच विषयावर, म्हणजे शेतकामातल्या सुरक्षेवर, संशोधन चालतं. अगदी जवळचं हवं तर डहाणूजवळ कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहे, लोकलने जाऊन भेटून ये.

पण त्याआधी एक हंगाम अवजारं भाड्याने देणाऱ्या एखाद्या केंद्रावर काम कर. मुंबईची मुलगी दापोलीत चार वर्षं शिकली म्हणजे तिला मळणी कळली असं होत नाही. पोत्यावर मजुरी घेणाऱ्या पोराला 'आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात घाल' हे सांगताना त्याचा किती वेळ जातो आणि तो वेळ कोण भरून देतो, हे तुला आकड्यात सांगता आलं पाहिजे. तुझ्या वर्गात मजुराबरोबर यंत्राचा मालकही बसला पाहिजे. तो बसणार नसेल तर तू फक्त पोस्टर वाटत फिरशील, आणि त्या कामाला मी पाठिंबा देणार नाही.

वडिलांना इतकंच: दोघांनी बसून दोन गोष्टी लिहून काढा. ही वाट ती किती महिने चालून बघणार, आणि तेवढ्या काळात घरात किती पैसे देणार. आकडा लहान असला तरी चालेल, पण लिहिलेला असू द्या. बँकेची परीक्षा द्यायची की नाही ते ती ठरवेल. फी भरलीय म्हणून तगादा लावू नका, तेवढे पैसे गेले असं समजा.