आर्ट थेरपीच्या पहिल्या सत्राला जाताना

चित्रकला येत नाही म्हणून मागे राहू नका. आर्ट थेरपी म्हणजे चित्र, माती अशा माध्यमांतून होणारा मानसोपचार; तिथे चित्राला गुण देत नाहीत. पहिल्या सत्रात बहुधा बोलणंच जास्त होतं: का आलात, आधीचे उपचार, चालू औषधं, गोपनीयता आणि तिच्या मर्यादा. थेरपिस्टचं प्रशिक्षण नेमकं कशात झालंय हे तेव्हाच विचारा. चित्रकलेचे शिक्षक कितीही चांगले असले तरी ते थेरपिस्ट नव्हेत.

साधारण तासाभराच्या सत्रात अर्धा वेळ हात चालतो, मग चित्राकडे दोघं मिळून बघता. चित्राचा अर्थ थेरपिस्ट परस्पर सांगत नाहीत. 'ही रेघ इथेच का थांबली?' असं विचारतात, उत्तर तुमचं असतं. काळा रंग म्हणजे दुःख, असं कुणी ठामपणे सांगू लागलं तर सावध व्हा.

साहित्याचा परिणाम मोठा असतो. पेन्सिल, स्केचपेन ताब्यात राहतात. पातळ जलरंग आणि ओली माती मात्र भावना पटकन वर काढतात. जड वाटू लागलं तर लगेच सांगा आणि लहान कागद, पेन्सिल मागून घ्या.

बहुतेकांची गाडी अडते ती सुंदर चित्र काढण्याच्या धडपडीत. दुसरं म्हणजे चित्र घरी दाखवणं. 'छान आहे' एवढं कुणी म्हटलं तरी पुढच्या वेळी हात तेच छान शोधू लागतो. म्हणून सुरुवातीला चित्रं थेरपिस्टकडेच ठेवा. ती कोण पाहणार, हे मात्र विचारून घ्या.

सत्रानंतर थकवा येतो, कधी रडूही येतं. लगेच कामाला जुंपून घेऊ नका. औषधं मनानं बंद करू नका, आणि जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या सत्राची वाट न पाहता तातडीची मदत घ्या.