उपयोगांच्या यादीआधी वनस्पतीची ओळख

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे, रानात फिरून पाने-फुले जमवते, कोणती वनस्पती कशावर गुणकारी याच्या नोंदींनी तिची वही भरत आली आहे आणि आता काही महिन्यांचा औषधी वनस्पतींचा अभ्यासक्रम करून तिला लगेच कामाला लागायचे आहे. तेवढे शिक्षण पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुरणार नाही. तिने आधी वनस्पतिशास्त्राची पदवी घ्यावी.

असे म्हणण्याचे कारण आर्टेमिसिनिन या हिवतापावरील औषधाच्या इतिहासात सापडते. चीनमधील संशोधक तू यूयू यांनी जुन्या ग्रंथांतील ‘छिंगहाओ’चा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्या एकाच नावाने आर्टेमिसिया प्रजातीतील अनेक वनस्पती ओळखल्या जात होत्या आणि औषधी द्रव्य पुरेशा प्रमाणात होते ते केवळ आर्टेमिसिया ॲन्युआ या जातीत; तेही पानांत, आणि वनस्पती कोठे वाढली व पाने केव्हा खुडली यानुसार कमीअधिक. त्यातच चौथ्या शतकातील एका ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळावी असे सांगितले होते, उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे असे ताडून त्यांनी 1971 मध्ये कमी तापमानाला अर्क काढला आणि तो प्रभावी ठरला. या कामासाठी त्यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले. नुसत्या ‘तापावर गुणकारी’ या नोंदीत जात, अधिवास, हंगाम आणि कृती यांपैकी काहीच येत नाही.

ओळख चुकली तर जीवही जाऊ शकतो. रानगाजर आणि विषारी हेमलॉक एकाच कुलातील असून दोघांची पांढरी फुले छत्रीसारखी दिसतात. रानगाजराचे खोड केसाळ, तर हेमलॉकचे गुळगुळीत आणि जांभळट ठिपक्यांचे असते. म्हणून पदवीत वर्गीकरणशास्त्र आणि परिस्थितिकी (सजीव व त्यांच्या परिसराच्या संबंधांचा अभ्यास) हे विषय तिने मनापासून करावेत, पुढे लोकवनस्पतिशास्त्राकडे, म्हणजे लोक वनस्पती कशा वापरतात याच्या अभ्यासाकडे, वळावे. (चव घेऊन वनस्पती ओळखण्याची सवय असल्यास ती आजच थांबवावी.)

वही मात्र चालू राहू द्या. प्रत्येक नोंदीसोबत तारीख, ठिकाण, माती, ऊन-सावली आणि आजूबाजूच्या वनस्पती लिहाव्यात, फुलासह फांदीचा दाबून वाळवलेला नमुना ठेवावा. माहिती कोणी दिली, कोणता भाग कसा वापरतात आणि ती इतरांना सांगण्यास त्या व्यक्तीची संमती आहे का, हेही नोंदवावे. पारंपरिक ज्ञानाच्या लाभात ते जपणाऱ्या समाजाचा वाटा 2010 च्या नागोया या जैवविविधताविषयक आंतरराष्ट्रीय करारानेही मान्य केला आहे.

नोकऱ्या हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचे संग्रहालय), वनस्पती उद्याने, बीजपेढ्या, जैवविविधता सर्वेक्षणे आणि वनौषधी कंपन्यांतील कच्च्या मालाची तपासणी यांत असतात. त्या फार नाहीत आणि सर्वेक्षणांतील बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या असतात, हे तिला आताच स्पष्ट सांगावे. छोटा अभ्यासक्रम करायचाच असेल, तर पदवीचे पहिले वर्ष झाल्यावर करावा.