पायथन प्रोग्रामला अर्धा तास लागतो. सगळा सी प्लस प्लसमध्ये पुन्हा लिहू का?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: फोंड्याजवळच्या एका देवस्थानाच्या महाजनांच्या (म्हणजे हक्कदार सभासदांच्या) जुन्या-नव्या याद्या तुम्ही एकत्र करताय, एकच माणूस दोनदा आलाय का ते प्रोग्राम शोधतो, आणि त्यात अर्धा तास जातो. सी प्लस प्लसला अजून हात लावू नका. वेळ नेमका कुठे जातो हे नुसतं कोड वाचून अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. ते मोजावंच लागतं.

लिनक्सवर असाल तर आधी ‘टाइम’ कमांड लावून प्रोग्राम चालवा. ‘रिअल’ म्हणजे घड्याळाचा वेळ, ‘यूझर’ म्हणजे प्रोसेसरने तुमच्या कोडवर घालवलेला. रिअल 30 मिनिटं आणि यूझर 2, असं दिसलं तर प्रोग्राम कशाची तरी वाट बघत बसलाय. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये प्रत्येक नावामागे कमिट करत, म्हणजे नोंद पक्की करत असाल तर असं होतं, कारण माहिती डिस्कवर पोचेपर्यंत प्रत्येक कमिट थांबतं. मग सगळ्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, म्हणजे शेवटी एकदाच कमिट करा. तिथे भाषा बदलून काही मिळणार नाही.

मला मात्र वाटतं, तुमचे दोन्ही आकडे जवळपास सारखेच येतील. तसं असेल तर कुठल्या फंक्शनला किती वेळ लागतो ते मोजणारं सीप्रोफाइल वापरा, 2.5 आवृत्तीपासून ते पायथनसोबतच येतं. त्याच्या तक्त्यात ‘टॉटटाइम’ हा फंक्शनचा स्वतःचा वेळ, तर ‘क्युमटाइम’ हा त्याने बोलावलेल्या फंक्शनांसकटचा. नवखे लोक क्युमटाइम बघून मुख्य फंक्शनलाच दोष देतात, पण तो आकडा मोठा असणारच. मी आधी ‘एनकॉल्स’ बघतो: कुठलं फंक्शन किती वेळा चाललं.

तुमच्या कामात खरी गंमत इथेच आहे. आपल्याकडच्या याद्यांत एकच आडनाव किती रूपांत येतं ते तुम्ही बघितलंच असेल: नाईक आणि नायक, पोर्तुगीज काळातल्या कागदांवर कामतांचं कामोतीम, शेणव्यांचं सिनाय. म्हणजे ही रूपं एकसारखी करणारं एखादं फंक्शन तुमच्याकडे असणारच. समजा 4000 नावं आहेत. प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून बघितलं तर सुमारे 80 लाख जोड्या होतात. हे फंक्शन तुलनेच्या आत बसलं असेल तर एनकॉल्समध्ये 1 कोटी 60 लाखांच्या आसपास आकडा दिसेल. नावं मात्र 4000च! ते काम प्रत्येक नावावर सुरुवातीला एकदाच करून ठेवायचं.

आणखी एक चाचणी करा. आधी 500 नावांवर चालवा, मग 1000 वर. वेळ चौपट झाला तर दोष जोड्यांच्या संख्येत आहे, आणि तो सी प्लस प्लसमध्येही तसाच राहील. गावाप्रमाणे किंवा आडनावाच्या एकसारख्या केलेल्या रूपाप्रमाणे गट पाडा आणि तुलना गटातल्या गटातच करा.

सीप्रोफाइल प्रत्येक कॉलची नोंद घेतं, त्यामुळे लहान आणि वारंवार चालणारी फंक्शनं असतात त्याहून जड भासतात. शंका आली तर पाय-स्पाय हे मोजणीचं दुसरं साधन बघा. चालू प्रोग्रामला बाहेरूनच जोडून ते सेकंदाला 100 वेळा ‘आत्ता काय चाललंय’ ते टिपतं, आणि फ्लेम ग्राफही काढून देतं. त्या आलेखात फंक्शनं पट्ट्यांनी दाखवतात; पट्टीची रुंदी म्हणजे वेळ. डावं-उजवं म्हणजे आधी-नंतर नव्हे.

एवढं झालं की पुन्हा मोजा, आणि तक्त्यात वर असेल त्यालाच हात लावा. 5 टक्के वेळ खाणारं फंक्शन तुम्ही पूर्ण नाहीसं केलंत तरी 30 मिनिटांची साडेअठ्ठावीसच होतात. शेवटी डिफलिबची (मजकूर ताडून बघणारी पायथनची लायब्ररी) तुलनाच वर उरली तर तिच्या जागी रॅपिडफझ ही तेच काम करणारी लायब्ररी घाला. त्याचा मुख्य भाग सी प्लस प्लसमध्येच लिहिलेला आहे, त्यामुळे तुम्हाला स्वतः ती भाषा लिहायची गरज पडणार नाही. तक्ता काढलात की त्याच्या वरच्या दहा ओळी इथे टाका, मी बघून सांगतो.