पित्ताशय काढलं, पण नळीतला खडा?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी जिंतूर तालुक्यातून लिहायलेय. माझ्या मायच्या पित्ताशयात खडे निघालेत, परभणीला दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. पण आमच्या गल्लीतल्या एका मावशीचं असंच ऑपरेशन झालं आणि नंतर डोळे पिवळे झाले, नळीत खडा होता म्हणे, परत सगळं करावं लागलं. लोक म्हणायलेत डॉक्टर खडा आतच विसरले. ऑपरेशन चालू असतानाच हे कळत नाही का? मायची सोनोग्राफी नळीबाबतीत नॉर्मल आहे, तरी भीती वाटायलीय.

उत्तर : ताई, आधी ते 'विसरले' डोक्यातून काढा. ऑपरेशनमध्ये पित्ताशयाची पिशवी खड्यांसकट काढतात, पण लिव्हरपासून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनळी जागेवरच राहते, आणि एखादा बारका खडा पिशवीतून घसरून ऑपरेशनच्या आधीच तिच्यात गेलेला असू शकतो. पित्ताशयात खडे असलेल्या साधारण दहातल्या एकाला असं असतं, म्हणजे फार दुर्मिळ नाही. आणि सोनोग्राफीवर पूर्ण भिस्त ठेवू नका, नळीचं खालचं टोक आतड्याच्या मागं असतं, आतड्यात गॅस असला की तिथलं काही दिसतच नाही.

म्हणून सोनोग्राफीसोबत रक्ताची एलएफटी, म्हणजे लिव्हरची तपासणी, बघायची. बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलंय का, नळी 6 मिलिमीटरपेक्षा रुंद आहे का, मायला मागं कधी कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेलीय का. यातलं काही असलं तर आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय, करून घेतात, खडा पक्का दिसला तर बऱ्याचदा ईआरसीपीनं, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, तो आधीच काढतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, चालू ऑपरेशनमध्ये कळू शकतं, आणि ही काही नवी गोष्ट नाही, अर्जेंटिनाच्या मिरिझ्झी नावाच्या सर्जननं 1931 मध्येच हे करून दाखवलं. पित्ताशयाला मुख्य नळीशी जोडणारी जी छोटी नळी असते तिच्यात बारीक कॅथेटर घालून डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, सोडतात आणि सी-आर्म मशीनवर तिथल्या तिथं एक्स-रे बघतात. डाय सरळ आतड्यात उतरली, मधे कुठं गोल रिकामी जागा नाही, की नळी मोकळी. कधी हवेचा बुडबुडासुद्धा खड्यासारखा दिसतो, मग सलाईननं धुवून परत फोटो. याला दहापंधरा मिनिटं जास्त लागतात. काही ठिकाणी पोटाच्या आतून सोनोग्राफी करतात, त्यात डायही नको न् एक्स-रेही नको. डायमध्ये आयोडीन असतं, त्यामुळं मायला आधी कधी डायची ॲलर्जी आली असेल तर ते आधीच सांगा.

पण हे प्रत्येकाला करायचं की शंका असेल त्यालाच, यावर जगभरातल्या सर्जनचं एकमत नाही. माझं मत विचाराल तर मायचे सगळे रिपोर्ट चांगले असतील तर हट्ट धरू नका, थोडी जरी शंका असेल तर मात्र सर्जनला स्पष्ट विचारा की सर, नळी कशी तपासणार, तुमच्या थिएटरला सी-आर्म आहे का, आणि खडा सापडलाच तर इथंच काढणार की ईआरसीपीला दुसरीकडं पाठवणार. हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. ईआरसीपी आपल्याकडं प्रत्येक जिल्ह्याच्या गावी होईलच असं नाही, म्हणून कुठं जायचं आणि योजनेत बसतंय का हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

एवढं करूनही एखादा खडा राहू शकतो. घरी गेल्यावर डोळे पिवळे, लघवी गडद, संडास पांढरट मातीसारखी, उजव्या बरगडीखाली कळ, यातलं काही दिसलं तर त्याच सर्जनकडं जा. आणि कळकळीनं सांगतो, काविळीची माळ घालणाऱ्याकडं, नाकात औषध टाकणाऱ्याकडं मायला नेऊ नका. ही कावीळ नळी तुंबून झालेली असते, त्यात थंडी वाजून ताप आला तर इन्फेक्शन रक्तात पसरून जीवावर बेतू शकतं, तेव्हा सकाळची वाट न बघता रात्रीच गाडी काढा.

मावशींना पण एक विचारा, ईआरसीपीच्या वेळी नळीत स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी छोटी नळी, टाकलाय का. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो, नाहीतर तोच तुंबतो, आणि दुखणं थांबलं की लोक तारखेला जातच नाहीत. त्यांच्या डिस्चार्ज कार्डवर ते लिहिलेलं असेल, आजच बघून घ्या.